चकाकीमापन

पृष्ठभागावर तिरप्या पडलेल्या प्रकाशापैकी किती प्रकाश आरशाप्रमाणे एकाच दिशेने परत फिरतो, हे ठराविक कोनातून मोजून संख्येने व्यक्त करण्याच्या क्रियेस चकाकीमापन म्हणतात व त्यासाठी वापरण्यात येणाऱ्या उपकरणास चकाकीमापक म्हणतात. रंगलेप, व्हार्निश, लॅकर, छापील कागद, प्लॅस्टिके, चिनी मातीच्या लाद्या, घासून झिलई दिलेला ग्रॅनाइट व संगमरवर इ. पदार्थांच्या पृष्ठभागाची प्रत ठरविताना हे मापन करतात. प्रयोगशाळेतील मेजावर ठेवावयाची जुनी उपकरणे मागे पडून आता हातात मावणारा, विद्युत् घटमालेवर चालणारा चकाकीमापक प्रचारात आला आहे. तो थेट भिंतीवर, दारावर किंवा वाहनाच्या पत्र्यावर टेकवून काही सेकंदांत वाचन घेता येते.

मुंबईच्या गिरगाव, परळ व लालबाग या भागांचा रंग व चकाकी यांच्या धंद्याशी जुना संबंध आहे. राजा रविवर्मा यांचा शिलामुद्रणालयाचा उद्योग १८९४ मध्ये गिरगावात सुरू झाला. तैलचित्राचा आभास निर्माण करण्यासाठी अशा छापील चित्रांवर व्हार्निशचा थर देत. लोअर परळ येथे १९२० मध्ये गहागन पेंट्स अँड व्हार्निश ही कंपनी निघाली. तिचेच पुढे गुडलास वॉल व त्यानंतर गुडलास नेरोलॅक असे रूपांतर झाले. एशियन पेंट्सचा आरंभ १९४२ मध्ये गिरगावातील गायवाडीत, मोटार ठेवण्याच्या एका भाड्याच्या जागेत झाला. रंगलेपांचे शास्त्रीय शिक्षण देणारी, १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाचा विभाग म्हणून स्थापन झालेली रसायन तंत्रविद्येची संस्थाही दादरला लागून असलेल्या माटुंग्यात आहे. तथापि कारखान्याबाहेर, प्रत्यक्ष रंगकामाच्या जागी चकाकीचा निवाडा दीर्घकाळ डोळ्यांवरच अवलंबून होता. रंगविलेल्या दारावर खिडकीच्या गजांचे किंवा नळीदिव्याचे प्रतिबिंब कितपत रेखीव दिसते, हे तिरपे पाहून अनुभवी रंगारी काम उतरले की नाही ते सांगे. ही पद्धत टाकाऊ नाही. पण मालक व ठेकेदार यांच्यात देयकावरून वाद झाला, तर एकाच्या डोळ्यांना पटलेले दुसऱ्याच्या डोळ्यांना पटत नाही आणि अशा वादात हानी बहुधा मजुरीवर काम करणाऱ्याची होते.

तत्त्व : गुळगुळीत पृष्ठभागावर आपाती कोन व परावर्तन कोन समान असतात. पृष्ठभाग खडबडीत असेल, तर प्रकाश सर्व दिशांना विखुरतो व पृष्ठभाग निस्तेज दिसतो. येथे गुळगुळीतपणा हा सापेक्ष आहे. उंचसखलपणा प्रकाशाच्या तरंगलांबीच्या मानाने किती व प्रकाश किती तिरपा पडतो, या दोहोंवर तो ठरतो. रॅली यांच्या निकषानुसार हिरव्या प्रकाशाकरिता (तरंगलांबी ०·५५ मायक्रोमीटर) ही मर्यादा लंबाशी २०° कोन असताना सु. ०·०७ मायक्रोमीटर, ६०° असताना सु. ०·१४ मायक्रोमीटर व ८५° असताना सु. ०·८ मायक्रोमीटर येते. अगदी निस्तेज भिंतही जवळजवळ समांतर नजरेने पाहिल्यास चकाकते, त्याचे कारण हेच होय.

रंगलेपात बंधकाच्या मानाने रंजकद्रव्य वाढले की, त्याचे कण पृष्ठाशी उघडे पडतात व चकाकी घटते. निस्तेज रंगलेपात यासाठी बारीक सिलिका मुद्दाम मिसळतात [→ रंगलेप].

चकाकीचे एकक ठरविताना सोडियम प्रकाशास १·५६७ प्रणमनांक असलेली घासून सपाट केलेली काळी काच प्रमाण मानतात व प्रत्येक कोनास तिची चकाकी १०० धरतात. ही काच ६०° कोनात आलेल्या प्रकाशापैकी केवळ सु. १० टक्के, २०° कोनात सु. ५ टक्के व ८५° कोनात सु. ६२ टक्के प्रकाश परावर्तित करते. म्हणून १०० म्हणजे शंभर टक्के परावर्तन, असा समज करून घेणे चुकीचे ठरते. आदर्श आरशाचे वाचन ६०° कोनात सु. १,००० व २०° कोनात सु. २,००० येईल. झिलई दिलेल्या धातूंची वाचने १०० च्या पुष्कळ पुढे जातात ती यामुळेच.

अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेत १९३० नंतरच्या दशकात रिचर्ड हंटर यांनी चकाकीचे सहा प्रकार वेगळे केले; दर्पणी चकाकी हा त्यांपैकी फक्त एक प्रकार आहे. तिच्या मापनासाठी एएसटीएम या संस्थेने १९३९ मध्ये डी ५२३ हे मानक स्वीकारले. त्यात आरंभी ६०° हाच कोन होता. २०° व ८५° हे कोन १९५१ मध्ये आले. आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ २८१३ यातही हेच तीन कोन आहेत. रंगलेपांच्या परीक्षणपद्धती देणाऱ्या आयएस १०१ या भारतीय मानकाच्या चौथ्या भागात चकाकीचा स्वतंत्र विभाग आहे. प्रथम ६०° कोनात वाचन घ्यावे. ते ७० च्या वर असेल, तर २०° व १० च्या खाली असेल, तर ८५° कोन वापरावा, असा प्रघात आहे. कागदासाठी मात्र ७५° कोन वापरतात.

उपकरण व वापर : चकाकीमापकाच्या तळाशी एक लहान खिडकी असते. आत एका बाजूस प्रकाशाचा उगम (पूर्वी टंगस्टन तारेचा दिवा, आता बहुधा प्रकाश-उत्सर्जक द्विप्रस्थ) व भिंग आणि समोरच्या बाजूस तेवढ्याच कोनात दुसरे भिंग, फट व प्रकाशसंवेदक बसविलेले असतात. मानवी डोळ्याच्या संवेदनक्षमतेशी जुळावे म्हणून मध्ये गाळणी घालतात. मापली जाणारी जागा लहान व लंबवर्तुळाकार असते. कोन वाढेल तशी ती लांबट होते.

सोबतच्या काळ्या काचेच्या प्रमाण लादीवर उपकरण जुळवून घेतल्याखेरीज वाचन घेऊ नये. लादीवर बोटाचा ठसा किंवा चरा असेल, तर पुढची सर्व वाचने बिघडतात, आणि चूक उपकरणाची असूनही दोष रंगाच्या माथी येतो. मुंबईत पावसाळ्यात आणखी एक अडचण संभवते. वातानुकूलित खोलीतील थंड उपकरण एकदम दमट हवेत आणले की, लादीवर व भिंगांवर बाष्प धरते. यासाठी ते काही वेळ बाहेर ठेवून मगच वापरावे. दमट हवेचा परिणाम लेपावरही होतो. नायट्रोसेल्युलोज लॅकर अशा हवेत मारल्यास विद्रावक झपाट्याने उडून पृष्ठ थंड होते, त्यावर पाणी साचते व लेपावर पांढुरकी झाक येते. चकाकीमापक ही घट संख्येने दाखवितो. तिचे कारण मात्र तो सांगू शकत नाही.

एका वाचनावर निर्णय देणे योग्य नाही. निरनिराळ्या जागी वाचने घेऊन सरासरी काढतात. कुंचल्याने मारलेल्या लेपात कुंचल्याच्या दिशेने व तिच्या आडव्या दिशेने वाचने वेगळी येतात, म्हणून उपकरण फिरवूनही पाहावे. दोन उपकरणांच्या वाचनांतही थोडा फरक राहतोच. तेव्हा ९० ऐवजी ८८ आले एवढ्यावरून काम नाकारणे अन्यायाचे होय. करारात किमान चकाकी व मापनाचा कोन ही दोन्ही नमूद असावीत. कोनाविना दिलेल्या आकड्याला अर्थ नाही. लोअर परळच्या पश्चिम रेल्वेच्या कारखान्यात होते तशा डब्यांच्या रंगकामात किंवा मोटारीचा एखादाच पत्रा पुन्हा रंगविताना जुन्या व नव्या भागांतील फरक ताडण्यास हे उपकरण विशेष उपयोगी आहे.

वक्र पृष्ठावर मात्र हे उपकरण निरुपयोगी ठरते, कारण खिडकी नीट टेकत नाही व परावर्तित शलाका फटीबाहेर जाते. परळ-लालबागच्या कार्यशाळांतील गणेशमूर्तींचे उदाहरण घेता येईल. मूर्तीची अंगकांती मंद ठेवून डोळ्यांना व दागिन्यांना चकाकी आणली जाते. तेथील निवाडा आजही आखणी करणाऱ्या कारागिराच्या नजरेचाच आहे. सपाट पृष्ठावरही दोन लेपांची वाचने समान असून एकातील प्रतिबिंब रेखीव व दुसऱ्यातील संत्र्याच्या सालीसारखे खडबडीत दिसू शकते. प्रतिबिंबाची स्पष्टता व धूसरता यांसाठी वेगळी उपकरणे आहेत. शिवाय गडद रंग फिकट रंगापेक्षा डोळ्यांना अधिक चकाकता वाटतो.

उघड्यावरील रंगलेपाचा टिकाऊपणा अजमावण्यासाठी ठराविक काळाने त्याच जागी वाचन घेतात. आरंभीचे वाचन ८५ असून दोन वर्षांनी ते ५१ भरले, तर चकाकी ६० टक्के टिकली असे म्हणतात. उन्हातील जंबुपार किरणांनी बंधक झिजून रंजकद्रव्य खडूच्या भुकटीसारखे सुटू लागण्यापूर्वीच चकाकी उतरू लागते, त्यामुळे पुन्हा रंग देण्याची वेळ आगाऊ कळू शकते. मात्र वाचनापूर्वी पृष्ठ धुवावे की नाही, हे आधी ठरलेले असावे लागते. समुद्राकाठच्या हवेतील क्षार व रस्त्यावरील धूळ यांच्या थरानेही वाचन खाली येते आणि धुतल्यावर ते बरेच वर चढते.