पेटीतल्या बाळाची मूत्रपिंडं

आईच्या पोटात बाळ लघवी करतं. गर्भारपणाच्या उत्तरार्धात गर्भजल बहुतांशी त्याच लघवीचं असतं. तरी त्याचं रक्त साफ करण्याचं काम वारेकडे असतं, कारण मूत्रपिंडं तेव्हा स्वतःच घडत असतात. रक्त गाळणारे सूक्ष्म नेफ्रॉन एकेका मूत्रपिंडात सरासरी १० लाखांच्या आसपास. त्यांतले सुमारे ६० टक्के शेवटच्या तीन महिन्यांत तयार होतात. ३६व्या आठवड्याच्या सुमारास ही घडण थांबते, आणि पुढे जन्मभर एकही नवा नेफ्रॉन मिळत नाही.

सातव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाचा वारेशी संबंध तुटतो आणि सगळा भार या अर्धवट घडलेल्या अवयवावर येतो. विलक्षण गोष्ट ही, की बाळ काचेच्या पेटीत असतानाही साधारण ४० दिवसांपर्यंत नवे नेफ्रॉन बनत राहतात! नेमक्या याच दिवसांत गुदमरणं, जंतुसंसर्ग, घसरलेला रक्तदाब त्यांना इजा करतात. जेंटामायसिन, अमिकासिनसारखी प्रतिजैविकंही करू शकतात. पण जीव वाचवायला ती अनेकदा द्यावीच लागतात, म्हणून प्रत्येक डोस आणि दोन डोसांतलं अंतर तोलूनमापून ठरवावं लागतं.

भारतासह चार देशांतल्या २४ केंद्रांनी २०१४ साली अतिदक्षता विभागांत दाखल झालेल्या २,०२२ नवजात बाळांच्या नोंदी अभ्यासल्या. ६०५ बाळांच्या मूत्रपिंडांना तीव्र इजा झालेली आढळली. २९ आठवड्यांआधी जन्मलेल्यांत हे प्रमाण ४८ टक्के होतं. श्वास थांबू नये म्हणून ज्या कमी दिवसांच्या बाळांना कॅफीन दिलं होतं, त्यांच्यात इजा बरीच कमी दिसली. कॅफीनमुळेच ती टळली, असं मात्र एवढ्यावरून सिद्ध होत नाही.

इजा ओळखणं अवघड असतं. जन्मल्या जन्मल्या बाळाच्या रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडं गाळून टाकतात तो टाकाऊ पदार्थ, खरं तर आईचं असतं, त्यामुळे एका तपासणीवर भागत नाही, ती पुन्हा पुन्हा करावी लागते. परिचारिका लंगोट वापरण्याआधी आणि नंतर तोलतात: एक ग्रॅम वाढ म्हणजे साधारण एक मिलिलिटर लघवी. किलोभर वजनाच्या बाळाची लघवी दिवसाला २४ मिलिलिटरच्या खाली गेली, की डॉक्टर सावध होतात. लघवी नीट होत असूनही इजा असू शकते, हे त्याहून फसवं.

बाळ घरी आल्यावर भिवंडी तालुक्यातल्या दिघाशीसारख्या गावात ४२व्या दिवसापर्यंत आशाताईंच्या गृहभेटी असतात. या पद्धतीचा पाया डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत घातला. दूध ओढणं मंदावलं, शू कमी झाली, तर ते आशाताईंना लगेच सांगावं. रुग्णालयाचा कागदही जपून ठेवावा. नेफ्रॉन कमी असतील तर पुढे रक्तदाब वाढण्याचा धोका असतो, म्हणून फार लवकर जन्मलेल्या मुलांचा रक्तदाब तिसऱ्या वर्षाआधीपासूनच मोजायला हवा.