रूपक आणि ऐकणारा

एक पहारेकरी पुष्कळ वर्षे तुरुंगात नोकरी करून शेवटी कठीण खडक झाला. अशा आशयाचे एक वाक्य १९७६ साली अमेरिकेत एलन विनर, अ‍ॅन रोझेनस्टील व हॉवर्ड गार्डनर या संशोधकांनी मुलांपुढे ठेवले. सहा-सात वर्षांच्या कित्येक मुलांनी निर्वाळा दिला, की त्याला कोणी तरी जादूने दगड केले असावे! काहींच्या मते तुरुंगाच्या भिंती दगडी होत्या, एवढेच. दहा वर्षांच्या पुढची मुले मात्र पहारेकऱ्याच्या स्वभावाकडे वळली.

मूल मंद म्हणून चुकले काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. दगडाचे काठिण्य त्याने हाताने अनुभवलेले असते. माणसाचे मन निबर होते, हे अनुभवायला वय लागते. शब्द ठाऊक असतात, पण दोन टोके जोडणारा अनुभव नसतो. पेपर तपासताना लाल पेन्सिल उचलणाऱ्याने हा भेद ध्यानात ठेवलेला बरा.

शिवाय सुटे वाक्य मुलासमोर टाकणे हीही एक प्रकारची अडवणूकच होय. १९८४ साली स्टेला व्होस्नियाडू व त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान मुलांना गोष्टी सांगून त्यांचा शेवट खेळण्यांनी करून दाखवायला लावला. शेवटच्या वाक्यात रूपक होते. गोष्टीच्या ओघात पुढचे सहज ओळखता येण्याजोगे असले, की मुलांना ते रूपक अधिक सुलभ जाई.

प्रौढांचीही गत फारशी निराळी नाही. अँड्र्यू ऑर्टनी व सहकाऱ्यांच्या १९७८ सालच्या प्रयोगात, पूर्वसंदर्भ तोकडा असताना लाक्षणिक वाक्य समजण्यास अधिक वेळ लागला. तो भरपूर असताना लाक्षणिक व सरळ वाक्यांतील अंतर जवळजवळ उरले नाही. आपल्याकडे अकराव्या शतकात मम्मटाने प्रसंगाचे हे बळ हेरलेच होते. ‘सूर्य मावळला’ यात रूपक नाही. तरी गुराख्याला त्यातून गुरे वळविण्याची, तर श्रमणाऱ्याला काम थांबविण्याची सूचना मिळते.

तथापि सगळा भार संदर्भावर टाकता येत नाही. मेंदूच्या उजव्या भागाला इजा झालेल्या रुग्णांना विनर व गार्डनर यांनी १९७७ साली ‘जड अंतःकरण’ या अर्थाच्या वाक्याशी जुळणारे चित्र निवडावयास सांगितले. एका चित्रात रडणारा माणूस होता, दुसऱ्यात प्रचंड हृदयाच्या ओझ्याखाली लडखडणारा. त्यांपैकी पुष्कळांनी दुसऱ्यावर बोट ठेवले. आणि नवल असे, की त्या शब्दांचा अर्थ तोंडी विचारला, तर त्यांतील बऱ्याच जणांना तो बरोबर सांगता येत होता.