डाग कुठे पडतो?

मुलाने ईदीच्या पैशांतून स्पिटफायर विमानाचे १/७२ प्रमाणाचे किट आणले. खऱ्या विमानाच्या पंखांचा विस्तार ११.२३ मीटर, आमच्या मॉडेलचा जेमतेम साडेपंधरा सेंटीमीटर. हिरवा-तपकिरी रंग वाळला, तरी विमान खेळणेच वाटे. ‘जुने’ करायला त्याने सगळीकडे काळा रंग फासला आणि रडवेला झाला. रंग ओला होता तोच आम्ही पुसला, विचारले, “बेटा, पायलट चढतो कुठून?”

स्पिटफायरचे दार डावीकडे. म्हणून डाव्या पंखाच्या मुळाशी झिजेचे चंदेरी ठिपके दिले. इंजिनाच्या धुराड्यांपासून काजळी मागे ओढली. सांध्यांत पातळ काळा रंग सोडून वरचा पुसला; शेवटी मॅट वार्निश.

जिथे काम होते, तिथेच डाग पडतो. संध्याकाळी मुलगा अम्मीच्या तव्याची मूठ निरखत होता.