संशय मशीनवर, चोर भलताच!

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर. आपण इथून रोज ऑफिसची लोकल पकडतो, तेव्हा आपल्यातल्याच कुणाचे तरी बाबा डायलिसिसला निघालेले असतात. आठवड्यातून ३ वेळा, ४-४ तास! किडनीचं टेन्शन असतंच, पण तिथून हिपॅटायटिस बी किंवा सी घरी येऊ शकतो, हे ठाऊक आहे? मला वाटायचं, दोष मशीनचा. पण बहुतेकदा चोर भलताच असतो: पेशंट बदलला तरी न बदललेले ग्लव्हज, न पुसलेली खुर्ची, अनेकांना पुरवलेली हेपॅरिनची एकच बाटली. बी-चा विषाणू तर वाळलेल्या रक्तातही ७ दिवस तग धरतो.

मग करायचं काय? बिनधास्त विचारायचं! बी पॉझिटिव्ह पेशंटसाठी वेगळी खोली, वेगळं मशीन आहे का? बाबांना बी-ची लस दिली का? डायलिसिसवर तिचा डोस जास्त लागतो, बरं का. सी-वर लस नाही, म्हणून दर ६ महिन्यांनी टेस्ट हवीच. पॉझिटिव्ह आलीच तर घाबरू नका. २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात गोळ्या मोफत मिळतात आणि साधारण १२ आठवड्यांत बहुतेक जण बरे होतात.

तोवर, ‘सिस्टर, ग्लव्हज बदलता का?’ एवढं म्हणायला लाजायचं कशाला?