निर्मळच्या तीर्थावरून एका स्मरणाचा विचार

कार्तिक वद्य एकादशीला वसईजवळच्या निर्मळच्या तीर्थावर शंकराचार्यांच्या समाधीच्या दर्शनास जो लोकसमुदाय लोटतो आणि परतताना सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, बांधून नेतो, त्याच्या आधी, २ नोव्हेंबरला, याच पंचक्रोशीतले ख्रिस्ती बांधव आप्तांच्या कबरींवर मेणबत्त्या लावतात. मृतांची आठवण ठेवण्याचा असा दुहेरी परिपाठ असलेल्या या गावाला स्मारकाची नश्वरताही ठाऊक आहे. कारण फिरंग्यांच्या अंमलात उद्ध्वस्त झालेल्या या तीर्थाला १७३९ साली चिमाजीअप्पांनी वसई सर केल्यानंतरच मराठी राज्यात पुन्हा ऊर्जितावस्था आली. त्यामुळे दगडाखेरीज दुसऱ्या कशात माणसाचे स्मरण टिकू शकेल काय, हा प्रश्न येथे सहज सुचतो. आणि त्याचे उत्तर शोधताना मला पुण्याच्या डॉ. अनिता अवचट आठवतात.

बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाचे शिक्षण पुरे करून, पती अनिल अवचट यांनी वैद्यकी सोडून लेखणी धरली असता, ज्या स्त्रीने सरकारी नोकरीच्या पगारावर संसार सांभाळला, तिचे ऋण मराठी वाङ्मयाच्या खतावणीत पुरेसे जमा झालेले नाही, असे मला वाटते. येरवड्याचे मनोरुग्णालय हे त्यांचे कार्यक्षेत्र होते. अडीच हजारांहून अधिक खाटांच्या त्या अवाढव्य सरकारी आस्थापनेत हुकूम, हजेरी आणि दप्तर यांच्या गराड्यात रुग्णाशी माणूस म्हणून बोलणे किती कठीण असेल, हे ज्याने सरकारी खाते आतून पाहिले आहे त्यास सांगावे लागणार नाही.

ब्राऊन शुगरने, म्हणजेच गर्दने, शहरांतील तरुण पोखरले जात असताना अनिल अवचटांनी गर्दवर लिहिलेले वाचून अस्वस्थ झालेल्या पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी एक लाख रुपये देऊ केले, आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी त्याच रुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. देणगी आणि प्रसिद्धी यांची कथा बहुतेकांस ठाऊक आहे; उपचाराची घडण मात्र अनिताबाईंची. व्यसनी इसमास गुन्हेगार न समजता रुग्णमित्र मानावयाचे, पाच आठवड्यांच्या मुक्कामात त्याला समूहोपचार, योग आणि श्रम यांच्या शिस्तीत बसवावयाचे, त्याच्या पत्नीलाही आधारगटात आणावयाचे, आणि जो बरा झाला त्यालाच कार्यकर्ता नेमून दुसऱ्याच्या हवालदिल रात्री त्याच्या स्वाधीन करावयाच्या. या शेवटच्या गोष्टीत मला त्यांची खरी प्रज्ञा दिसते. कारण ज्याच्या शब्दावर घरच्यांचाही भरवसा उरलेला नाही, त्याच्याच हाती जबाबदारी देणे हे धाडस पाठ्यपुस्तकातून येत नाही. पुन्हा प्यालेला माणूस दाराशी आला, तर त्याला पुन्हा दाखल करून घेण्याचा प्रघात याच विश्वासाचा पुढचा भाग होय.

स्तनाच्या कर्करोगाने त्यांना गाठले, तरी आजारपणातही काम चालूच राहिले. १० फेब्रुवारी १९९७ रोजी त्यांचे निधन झाले. सहकाऱ्यांना त्या ‘मोठ्या मॅडम’. आणि शोक करणाऱ्या त्या सहकाऱ्यांत एके काळी त्यांच्याच पुढ्यात थरथरत बसलेले रुग्ण होते, ही गोष्ट इतर संस्थांच्या शोकसभांत सहसा आढळत नाही. पुढे कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनी मुक्तांगणची धुरा वाहिली, आणि संघर्ष सन्मान हा पुरस्कार अनिताबाईंच्या नावे दिला जाऊ लागला.

आमच्या वसईकडे मद्याच्या कैफियती काही कमी नाहीत. वांद्र्यास १९८१ साली फादर जो परेरा यांनी, स्वतः दारूच्या विळख्यातून सुटून, स्थापलेल्या कृपा फाउंडेशनचे केंद्र वसईतही आहे, आणि तेथेही सुटलेलाच अडकलेल्यास हात देतो. कोणी कोणाकडून घेतले, हा वाद मला निरर्थक वाटतो. मात्र पुरस्काराच्या मानपत्रापेक्षा, आपल्या डॉक्टरची उपचारपद्धती रोज सकाळी नव्या रुग्णमित्रासाठी राबवणाऱ्या त्या जुन्या रुग्णांची नोंद कोणा संशोधकाने आता, ते हयात असतानाच, करून घ्यावी, एवढी माझी विनंती आहे.