पोलीस ठाण्यातील नागरिकाची खुर्ची

गणेशोत्सव, ईद किंवा एखादी मोठी मिरवणूक जवळ आली की राज्यातील पोलीस ठाण्यांत शांतता समितीची बैठक भरते. नगरसेवक, मंडळांचे कार्यकर्ते, मशिदीचे विश्वस्त, व्यापारी, एखाद-दुसरे निवृत्त शिक्षक यांना सन्मानाने पाचारण केले जाते; चहापान होते, सहकार्याचे आवाहन होते आणि मंडळी घरोघर जातात. महिला दक्षता समित्या आहेत, पोलीस मित्र आहेत, खेडोपाडी पोलीस पाटील आहेत. नागरिकांना पोलिसांशी जोडणाऱ्या या साऱ्या व्यवस्थांत एक साम्य आढळते. नागरिकाने पोलिसांना मदत करावी, एवढीच त्यांत अपेक्षा असते. पोलिसांच्या कामाचा जाब विचारण्यासाठी मात्र त्याला कोणी बोलावीत नाही.

मदतीचे मोल कमी आहे असे नव्हे. भिवंडी या यंत्रमागांच्या गावाने १९७० आणि १९८४ साली भीषण दंगली पाहिल्या. पहिल्या दंगलीची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती मादन आयोगाने पोलिसांवर कठोर ताशेरे ओढले होते. १९८८ मध्ये तेथे आलेले पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी गल्लोगल्ली मोहल्ला समित्या उभारल्या, नेहमीच्या पुढाऱ्यांपेक्षा हिंदू-मुसलमान वस्त्यांतील सामान्य माणसांवर भिस्त ठेवली आणि बंदोबस्त नसतानाही पोलीस व रहिवासी एकमेकांस भेटतील अशी घडी बसविली. १९९२-९३ च्या त्या काळ्या महिन्यांत मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली, हे सर्वश्रुत आहे. पुढे ज्युलिओ रिबेरो, सुशोभा बर्वे प्रभृतींच्या पुढाकाराने आणि तत्कालीन पोलीस आयुक्त सतीश साहनी यांच्या पाठिंब्याने मुंबईतही ही चळवळ रुजली.

परंतु याच मुंबईने दुसरेही काही पाहिले. न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाच्या १९९८ च्या अहवालात ३१ पोलिसांवर ठपका ठेवण्यात आला. त्यांच्याबाबत काय झाले, हे विचारण्याचा अधिकार कोणत्याही मोहल्ला समितीला नव्हता. सलोखा राखण्यासाठी जी माणसे पोलिसांना हवीशी होती, तीच उत्तर मागू लागली असती तर नकोशी झाली असती! भिवंडीचा प्रयोगही मुळात एका अधिकाऱ्याच्या कल्पकतेवर उभा होता, आणि अधिकाऱ्याची बदली केव्हाही होते.

नागरिकांचा शब्द कायद्यापर्यंत पोहोचू शकतो, याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोघा पोलिसांनी अत्याचार केल्याचा खटला उभा राहिला. सत्र न्यायालयाने आरोपींना सोडले, उच्च न्यायालयाने शिक्षा दिली, सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये पुन्हा निर्दोष ठरविले. त्यावर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना अनावृत पत्र लिहिले. स्त्री-संघटना रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कोठडीतील बलात्कारासंबंधीचा कायदा बदलला. त्यासाठी मात्र एका मुलीची ससेहोलपट व्हावी लागली आणि देशभर आंदोलन उठावे लागले. प्रत्येक तक्रारदाराच्या पाठीशी चार विद्वान कोठून उभे राहणार?

तक्रारीसाठी रोजच्या वापरातील दार हवे, हे धरमवीर यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय पोलीस आयोगाने १९७९ च्या पहिल्याच अहवालात ओळखले होते. ते दार उघडण्याचा आदेश मिळाला तो २२ सप्टेंबर २००६ रोजी. निवृत्त पोलीस अधिकारी प्रकाश सिंह यांच्या १९९६ च्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या सात निर्देशांपैकी एक होता तो राज्य आणि जिल्हा अशा दोन्ही पातळ्यांवर पोलीस तक्रार प्राधिकरणे नेमण्याचा. महाराष्ट्राने त्यासाठी कायदादुरुस्ती केली ती २०१४ मध्ये, आणि राज्य प्राधिकरणाचे प्रत्यक्ष काम सुरू होण्यास २०१७ साल उजाडले. दरम्यान ‘जिल्हा’ या शब्दाच्या जागी ‘विभाग’ हा शब्द आला. बदल वरकरणी किरकोळ दिसतो. परंतु छत्तीस जिल्ह्यांच्या या राज्यात महसुली विभाग अवघे सहा आहेत. सिरोंच्याच्या शेतमजुराने नागपूर गाठावे, अक्कलकुव्याच्या आदिवासीने नाशिक गाठावे, असा याचा सरळ अर्थ होतो. ज्याला ठाण्यात मार बसला त्याने रोज बुडवून, एसटीचे भाडे भरून शेकडो किलोमीटरवर दाद मागावी, ही अपेक्षा न्यायाची थट्टाच म्हणावी लागेल. प्राधिकरणावर नागरी समाजातील मान्यवर व्यक्तीला स्थान आहे हे खरे. पण ती व्यक्ती कोण, हे तक्रारदाराच्या गावी कोणास ठाऊक असते?

पोलिसांचीही बाजू आहे आणि ती ऐकली पाहिजे. बारा-बारा तास उभा राहणारा शिपाई आधीच वरिष्ठ, न्यायालय आणि वृत्तपत्रे यांच्या कात्रीत सापडलेला असतो. नागरिकांची देखरेख म्हणजे गावच्या पुढाऱ्याची लुडबूड, असे त्याला वाटते. ही भीती निराधार नाही. तथापि पुढाऱ्याचा दूरध्वनी ठाण्यात आजही पोहोचतोच. पोहोचत नाही तो ज्याला कोणी पुढारी नाही त्याचा आवाज. खोट्या तक्रारींचा बाऊ करणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावे की, उघड व त्रयस्थ चौकशीचा पहिला लाभ प्रामाणिक शिपायालाच होतो. खात्यांतर्गत चौकशीत तो निर्दोष ठरला तरी लोकांचा त्यावर विश्वास बसत नाही.

याच दिशेने २ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकले. प्रत्येक पोलीस ठाण्यात सीसीटीव्ही कॅमेरे बसवावेत, एवढेच सांगून न्यायालय थांबले नाही. त्यांच्या देखरेखीसाठी जिल्हा समित्या नेमण्यास त्याने सांगितले आणि त्यांत आयुक्त, जिल्हाधिकारी व पोलीस अधीक्षक यांच्या जोडीला शहराच्या महापौरांना किंवा जिल्हा परिषदेच्या अध्यक्षांना स्थान दिले. कोणी तक्रार केली नसली तरी मानवी हक्कांचा भंग झाला आहे काय, हे चित्रीकरण तपासून पाहण्याचे कामही या समितीकडे सोपविले आहे. लोकनियुक्त प्रतिनिधीला कोठडीच्या दाराशी नेणारी अशी तरतूद आपल्याकडे विरळाच. जिल्हा परिषदेच्या सभेत रस्ते आणि शाळाखोल्यांवर तासन् तास खल होतो. या समितीची बैठक केव्हा झाली, तीत कोणत्या ठाण्याचे चित्रीकरण तपासले आणि कोणते कॅमेरे बंद आढळले, हे अध्यक्षांना त्याच सभेत विचारण्यापासून सदस्यांना कोणी रोखलेले नाही. तक्रार प्राधिकरणाचा पत्ता, सदस्यांची नावे आणि अर्जाचा नमुना प्रत्येक ठाण्याच्या फलकावर मराठीत लावण्यास तर नवा कायदाही लागत नाही.