अकरावीचं पुस्तक रद्दीत देऊ नका

एमएचटी-सीईटीचे पीसीएम आणि पीसीबी हे दोन गट या आठवड्यात घ्यायचे ठरले होते. ते पुढच्या आठवड्यात घेऊ, कारण पारोळ्याहून एका आईंचं पत्र आलं आहे आणि त्याला उशीर करणं बरं नाही. मुलगी बारावी कला शाखेत, मराठी माध्यम, राज्य मंडळ. इतिहास, भूगोल, राज्यशास्त्र हे विषय. सीयूईटी देऊन दिल्लीला किंवा बनारसला जायची तिची इच्छा आहे. आई विचारतात, ‘तिला इतिहास जीव की प्राण. पण क्लासमध्ये सांगितलं की, सीयूईटीला इतिहास घेऊ नको, आपलं पुस्तक आणि एनसीईआरटीचं पुस्तक जुळत नाही. खरं आहे का?’

बारावीपुरतं बघितलं तर खरं आहे. आपलं बारावीचं इतिहासाचं पुस्तक युरोपातल्या प्रबोधनापासून सुरू होतं. मग वसाहतवाद, मराठे आणि वसाहतवाद, समाजसुधारणा, स्वातंत्र्यलढा, महायुद्धं, शीतयुद्ध असं करत ते आजच्या भारतापर्यंत येतं. सीयूईटीचा अभ्यासक्रम एनसीईआरटीच्या बारावीवर बेतलेला असतो, आणि ते पुस्तक उघडतं हडप्पाच्या विटा-मण्यांनी. पुढे महाभारतकालीन समाज, सांचीचा स्तूप, अल बेरुनी, इब्न बतूता, बर्नियर हे प्रवासी, भक्ती आणि सूफी परंपरा, विजयनगर, मुघल काळातला शेतकरी. १८५७, गांधीजी आणि संविधानसभा शेवटच्या भागात. दोन अनुक्रमणिका शेजारी ठेवल्या तर पोरीच्या पोटात गोळा येईलच.

पण तिला म्हणावं, अकरावीचं पुस्तक काढ. भारतातली पहिली नगरं त्यात आहेत, जनपदं आहेत, मौर्य आहेत, विजयनगर आणि मुघल आहेत. आपल्या मंडळाने जे अकरावीला ठेवलं, त्यातलं बरंचसं एनसीईआरटीने बारावीला ठेवलं आहे. अकरावी म्हणजे विश्रांतीचं वर्ष, असं आपल्याकडे धरून चालतात आणि परीक्षा झाली की पुस्तकं रद्दीत जातात. दोन्ही पुस्तकांमधलं अंतर जे भयंकर वाटतं, ते पुष्कळसं या रद्दीमुळे वाटतं.

मग अडचण उरते ती बारकाव्यांची. एनसीईआरटीचा इतिहास राजांच्या यादीपेक्षा साधनांवर उभा आहे: शिलालेख, प्रवासवर्णनं, महसुलाची कागदपत्रं. जोड्या लावा, घटनांचा क्रम लावा, अशा प्रश्नांचं मूळ तिथेच असतं. आईन-ए-अकबरीतलं जमिनीचं वर्गीकरण घ्या. दरवर्षी पिकणारी ती पोलज. कस परत यावा म्हणून काही काळ पडीक ठेवलेली ती परौती. तीन-चार वर्षं पडीक ती चाचर, आणि पाच वर्षं किंवा त्याहून जास्त न कसलेली ती बंजर. शहरातली मुलं ही चार नावं घोकून बसतात. ज्या घरात या वर्षी कोणतं वावर पडीक ठेवायचं यावर जेवताना बोलणं होतं, तिथल्या मुलीला ती एकदा वाचून कळतात.

वसाहतकाळातल्या ग्रामीण भागावरचं प्रकरण तर खानदेशातल्या प्रत्येक मुलाने वाचावं, परीक्षा असो वा नसो. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात रयत जमली, सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे मागू लागली, वह्या जाळल्या. हे का घडलं याचा माग ते प्रकरण थेट अमेरिकेपर्यंत नेतं. १८६१ मध्ये तिकडे यादवी युद्ध पेटलं, ब्रिटनच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेना, आणि सगळ्यांची नजर हिंदुस्थानच्या कपाशीकडे वळली. दख्खनच्या शेतकऱ्याला कपाशीच्या एकरामागे शंभर रुपये उचल मिळू लागली. युद्ध संपलं, मागणी ओसरली, सावकारांनी हात आखडता घेतला आणि कर्ज मात्र डोक्यावर राहिलं. पारोळा तालुक्यात कपाशीचा भाव पडला की घरात काय होतं हे ज्या मुलीने पाहिलंय, तिला हे प्रकरण पाठ करावं लागत नाही. इतिहास सोड, असं तिला सांगणं मला पटत नाही ते यासाठी.

भूगोलाची काळजीच नको. लोकसंख्या, मानवी वस्त्या, प्राथमिक, द्वितीयक आणि तृतीयक व्यवसाय हा आपल्या बारावीचा गाभा एनसीईआरटीच्या मानवी भूगोलातही आहे. राज्यशास्त्रात १९९१ नंतरचं जग दोन्हीकडे सापडतं. स्वातंत्र्योत्तर भारताचं राजकारण मात्र वेगळं बसून करावं लागेल.

भाषेचा गुंता इतिहासापेक्षा मोठा आहे. सीयूईटीचा पेपर तेरा भाषांत मिळतो, त्यात मराठी आहे. पण एनसीईआरटीची पुस्तकं मराठीत नाहीत. म्हणजे वाचायचं हिंदीत किंवा इंग्रजीत आणि सोडवायचं मराठीत. भाषांतरात घोळ झालाच तर इंग्रजी प्रश्न प्रमाण धरतात. म्हणून एक वही करावी: डावीकडे इंग्रजी संज्ञा, उजवीकडे आपल्या पुस्तकातला मराठी शब्द. ही वही तिने स्वतःच्या हाताने करावी, विकतची घेऊ नये. भाषेचा पेपर मात्र बेलाशक मराठीचा घ्यावा. उतारे वाचून उत्तरं द्यायची असतात, आणि तिथे तिच्याइतकी तयारी दुसऱ्या कुठल्या भाषेत असणार?

आता नियमांचं. २०२५ पासून जास्तीत जास्त पाच विषय घेता येतात. प्रत्येकी पन्नास प्रश्न, साठ मिनिटं, बरोबर उत्तराला पाच गुण, चुकलं तर एक वजा. बारावीला नसलेला विषयही आता परीक्षेत घेता येतो, हे ऐकून पुष्कळ पालक हुरळतात. पण दिल्ली विद्यापीठाची स्वतःची अट वेगळी आहे: जे विषय बारावीला होते, त्यांचेच गुण धरणार. अर्ज भरताना परीक्षेचं माहितीपत्रक आणि विद्यापीठाचं माहितीपत्रक दोन्ही समोर ठेवा. आधी विद्यापीठाचं वाचा.

दिल्लीत इतिहासाच्या ऑनर्ससाठी एक भाषा आणि तीन विषय, अशी हजार गुणांची बेरीज चालते. त्या तीन विषयांत इतिहास असलाच पाहिजे, अशी सक्ती नाही. क्लासच्या सल्ल्यामागे हेच गणित असेल, आणि एखाद्या मुलाचं इतिहासात मनच नसेल तर ते गणित त्याच्यासाठी ठीकही आहे. पण या मुलीकडे तीनच विषय आहेत. इतिहास वगळला तर जागा भरायला ती कुठून आणणार? तेव्हा ताई, मराठी, इतिहास, भूगोल, राज्यशास्त्र हे चार पक्के करा. पाचवी जागा सामान्य चाचणीला द्यायची की मोकळी ठेवायची, हे बनारसचा कोणता अभ्यासक्रम तिच्या मनात आहे ते बघून ठरवा. बोर्डाची परीक्षा संपल्यावर मे महिन्यापर्यंत जो वेळ हातात राहील, त्यातला सगळ्यात मोठा वाटा इतिहासाच्या पहिल्या दोन भागांना द्या. तिसरा भाग तिला आपल्या बारावीमुळे निम्मा येत असेल.

पुढच्या आठवड्यात पीसीएम आणि पीसीबी. भौतिक आणि रसायन मराठीत सोडवता येतं, गणित मात्र इंग्रजीतच, तिथून सुरुवात करू.